फोर्क निवडताना आधी फ्रेमला विचारा

१९९०. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातलं ड्युरँगो. माउंटन बाइकिंगची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा. पुरुषांची डाउनहिल (उतारावरची) शर्यत ग्रेग हर्बोल्डनं जिंकली. त्याच्या सायकलीला रॉकशॉक्स कंपनीचा सस्पेन्शन फोर्क होता, म्हणजे पुढचं चाक धरणारा आणि धक्के झेलणारा दुकाटा. तो दबायचा जेमतेम पाच सेंटिमीटर! आज डाउनहिलच्या सायकलींना २०० मिलिमीटर ट्रॅव्हलचे, म्हणजे तेवढे दबणारे, फोर्क असतात. मधल्या काळात एक समज मात्र घट्ट रुजला: ट्रॅव्हल जास्त, म्हणजे सायकल सरस.

[दृश्य: स्टँडवर नवी फ्रेम, पुढे फोर्क नाही]

ही फ्रेम २९ इंची चाकांची, १२० मिलिमीटरच्या फोर्कसाठी आखलेली. आता समजा, १४०चा फोर्क सवलतीत मिळतोय. दोन सेंटिमीटरनं काय बिघडणार?

बरंच काही. सायकलचा पुढचा भाग उचलला जातो. हेड अँगल (फ्रेमच्या पुढच्या नळीचा जमिनीशी कोन) साधारण एका अंशानं कमी होतो, सीट मागे कलते, बॉटम ब्रॅकेट (पेडलांचा आस जिथे बसतो ती जागा) वर येतो. उतारावर मजा वाटते. पण खड्या चढावर पुढचं चाक हलकं पडतं आणि रेष सोडून भरकटायला लागतं. शिवाय लांब फोर्क म्हणजे लांब तरफ, सगळा ताण हेडट्यूबच्या, म्हणजे त्या पुढच्या नळीच्या, जोडावर. फ्रेम बनवणारे ट्रॅव्हलची कमाल मर्यादा देतात, ती उगाच नाही.

आणि ट्रॅव्हलचा आकडा पुरेसा नाही. दोन कंपन्यांचे १२०चे फोर्क उंचीला वेगळे निघू शकतात. पाहायचं ते ॲक्सलपासून (चाकाच्या आसापासून) क्राउनपर्यंतचं (फोर्कचे दोन्ही पाय वर जिथे जुळतात तिथपर्यंतचं) अंतर.

[दृश्य: हेडट्यूबला लावलेला कॅलिपर]

मग मापं जुळवायची. स्टिअरर म्हणजे फोर्कची हेडट्यूबमध्ये जाणारी नळी. टेपर्ड (वर निमुळता) स्टिअरर वर २८.६ मिलिमीटर, खाली दीड इंच. जुन्या, सरळ आणि अरुंद हेडट्यूबमध्ये तो जाणारच नाही. ४४ मिलिमीटरच्या हेडट्यूबमध्ये बसतो, पण खालचा बेअरिंगचा कप नळीच्या बाहेर बसणारा लागतो. बूस्ट, म्हणजे जास्त रुंद मापाच्या, फोर्कला ११० मिलिमीटरचा हब (चाकाचा मधला भाग) हवा. घरातलं १००चं चाक तसंच लावता येत नाही. वापरलेला फोर्क घेत असाल, तर आधी स्टिअररची लांबी विचारा. कापलेला स्टिअरर वाढत नाही, आणि विकणारा हे आपणहून क्वचितच सांगतो.

पैसे कुठे घालायचे? आमचं मत स्पष्ट आहे: डॅम्परमध्ये, म्हणजे फोर्कची हालचाल आवरणाऱ्या भागात. स्प्रिंग धक्का झेलते, पण दबलेला फोर्क किती वेगानं परत वर यायचा, हे डॅम्पर ठरवतो. तिथे काटकसर केली, तर दगडांच्या रांगेत हँडल हातात उड्या मारतं. त्यापेक्षा ट्रॅव्हल दोन सेंटिमीटर कमी परवडला.

स्प्रिंगऐवजी हवा भरलेल्या फोर्कचा मोठा फायदा म्हणजे शॉक पंपानं तो स्वतःच्या वजनाप्रमाणे लावता येतो. हेल्मेट, पाठपिशवी, पाणी, सगळं अंगावर घेऊन सायकलवर उभं राहायचं आणि नळीवरची रबरी रिंग कुठे सरकली ते बघायचं. ट्रेल रायडिंगसाठी ट्रॅव्हलच्या २० ते २५ टक्के सॅग (नुसत्या वजनानं फोर्क दबतो तेवढं अंतर) हवा, म्हणजे १२०च्या फोर्कला २४ ते ३० मिलिमीटर. कमी दबला तर हवा सोडा, जास्त दबला तर भरा.

राहिली देखभाल. रॉकशॉक्स खालच्या नळ्यांची सर्व्हिस दर ५० तासांनी करायला सांगते. सह्याद्रीत चालवणाऱ्यांनी तेवढीही वाट पाहू नये. उन्हाळ्यात जांभ्याची लाल धूळ, पावसाळ्यात चिखल, आणि दोन्हींचा मारा सीलवरच, म्हणजे नळ्यांच्या तोंडाशी असलेल्या रबरी कड्यांवरच. फेरीहून आल्यावर नळ्या मऊ फडक्यानं पुसा. प्रेशर वॉशरचा झोत मात्र सीलवर मारू नका, पाणी थेट आत जातं.