काठ कुणाचा, खर्च कुणाचा

(दृश्य: चिपळूण. ओहोटीची वेळ. वाशिष्ठी नदीचं वळण.)

ओहोटी लागली की वाशिष्ठीचा काठ उघडा पडतो. वर गवत, झाडं, कंपाऊंड सगळं शाबूत. खाली पायथा मात्र पोखरलेला. काठापासून दोन हात आत, नदीला समांतर अशी बारीक भेग दिसली की समजायचं, पुढचा लचका इथूनच जाणार.

काठ पुरात कोसळतो, असं आपण म्हणतो. बऱ्याचदा तो कोसळतो पूर ओसरताना. पाणी चढलेलं असतं तोवर मातीला नदीचाच टेकू असतो. पाणी झपाट्यानं उतरलं की टेकू जातो, आणि भिजून जड झालेली माती आपल्याच भारानं खाली बसते. २२ जुलै २०२१चा पूर इथं कुणाला सांगायला नको. पण एरवीही या नदीला उसंत कुठे आहे? कोयनेच्या वीजनिर्मितीचं पाणी कोळकेवाडीहून हिच्यातच येतं, आणि खाडीकडून दिवसातून दोनदा भरती.

(दृश्य: काठावरची सार्वजनिक बाग, कलंडलेलं कुंपण.)

आता खरा गुंता. नदीचं पात्र सरकारचं. १९६६च्या जमीन महसूल संहितेत तसं स्पष्ट आहे. काठावरची बाग, स्मशानभूमी, पंपहाऊस नगर परिषदेचं. जमीन नदीत जाते, मालमत्ता पत्रकावर क्षेत्रफळ तेवढंच राहतं! आणि काठ सावरायचा तर संरक्षक भिंत हवी, ती एकट्या नगर परिषदेच्या तिजोरीतून होणं कठीण.

म्हणून पैसा वाटून घ्यावा लागतो. त्याचे मार्गही आहेत. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ या काळासाठी धूप रोखायला देशपातळीवर १,५०० कोटी रुपयांची शिफारस केली. राज्य आपत्ती सौम्यीकरण निधीत, म्हणजे आपत्तीची झळ आधीच कमी करण्यासाठीच्या निधीत, महाराष्ट्रासाठी केंद्राचा वाटा ७५ टक्के, राज्याचा २५. शिवाय जिल्हा नियोजनाचा निधी. नगर परिषदेनं आपला हिस्सा घालायचा, तो या सगळ्यासोबत.

(दृश्य: जाळीत दगड भरणारे कामगार. जवळून.)

मात्र पैसे तुकड्यांत आले की भिंतही तुकड्यांत होते, आणि नदी नेमकी सांध्यावर हल्ला करते. भिंतीची दोन्ही टोकं काठात खोलवर नेली नाहीत, तर पाणी मागून शिरतं. भिंत पात्रात उभी राहते आणि काठ तिच्यामागून निघून जातो. दगडामागे गाळणीचं जिओटेक्स्टाईल कापड नसेल, तर बारीक माती फटींतून झिरपत जाते. नदी तळ जिथवर खरवडते, त्याच्याही खाली पाया हवा. खाडीच्या खाऱ्या पाण्यात जाळीच्या साध्या तारेला गंज चढतो, तिला पीव्हीसीचं आवरण लागतं. अंदाजपत्रकात काटछाट झाली की पहिली कात्री यावरच चालते, कारण उद्घाटनाच्या फोटोत यातलं काहीच दिसत नाही.

सगळीकडे दगडच हवा, असंही नाही. वळणाच्या आतल्या बाजूला नदी गाळ टाकते. तिथं वाळा, बांबू, करंज पुरे. खाडीच्या तोंडाकडे तिवरं आहेत, ती तोडली नाहीत तरी खूप. महागडी भिंत बाहेरच्या वळणावर, जिथं धार आदळते तिथंच.

आमच्या मते करार वळणागणिक व्हावा, खात्यागणिक नाही: एक आराखडा, एक निविदा, आणि कुणाचा किती वाटा ते आधी लेखी. त्यातच पाच-दहा वर्षांच्या दुरुस्तीची रक्कम बाजूला काढलेली. दर पावसाळ्यानंतर, दिवाळीच्या आधी, पायथ्याची पाहणी कोण करणार, हेही त्याच कागदावर हवं. सुटलेला एक दगड तेव्हा बसवता येतो. पुढच्या जुलैत नाही.