मीठ, साखर आणि पाणी

श्रोतेहो, नमस्कार.

जुलाबाचा पेशंट दवाखान्यात आला की घरच्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "डॉक्टर, सलाईन लावा." बाटली टांगली की सगळ्यांच्या जिवात जीव येतो. पण पेशंट शुद्धीवर असेल, पिऊ शकत असेल, तर बहुतेक वेळा तेच काम घरातलं मीठ-साखर-पाणी करतं.

घामातून किंवा जुलाबातून नुसतं पाणी जात नाही. सोबत सोडियम, पोटॅशियम हे क्षारही जातात. नसांमधले संदेश, स्नायूंची हालचाल, हृदयाचे ठोके, सगळं यांच्यावरच चालतं. उन्हात दिवसभर राबलेल्या माणसाच्या पोटरीत गोळे येतात, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. अशा वेळी नुसतं पाणी ढोसत राहिलं, तर रक्तातलं सोडियम आणखी पातळ होतं.

मग साखर कशाला? आतड्याच्या अस्तरात एक वाट अशी आहे, जिथून ग्लुकोज आणि सोडियम जोडीनेच आत घेतले जातात, आणि त्यांच्यामागोमाग पाणी शोषलं जातं. कॉलऱ्यातसुद्धा ही वाट चालू राहते.

1971 साली बांगलादेश युद्धात निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालमधल्या बनगावला आले. कॉलरा पसरला, सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचं पाणी पिंपांत भरून ठेवलं. नातेवाईकच पेल्याने ते रुग्णांना पाजत होते. आधी शंभरात तीसच्या आसपास माणसं दगावत होती, ती चाराच्याही खाली आली. 2023 साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. मला विचाराल, तर फार उशिरा.

ओआरएसची, म्हणजे या मीठ-साखरेच्या तयार मिश्रणाची पुडी मिळाली तर उत्तमच. पुडीवर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात ती सगळीच्या सगळी एकदम घाला. अर्धी आज, अर्धी उद्या असं नको. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा लहान चमचे साखर, त्याच चमच्याने अर्धा चमचा मीठ. चमचा शिगेचा नको, बोटाने सपाट केलेला हवा. मीठ जास्त झालं तर बाळाला धोका, साखर जास्त झाली तर जुलाब वाढतात. म्हणूनच खोक्यातली गोड फळपेयं ओआरएस म्हणून देऊ नका. केलेलं पाणी चोवीस तासांत संपवा.

"जुलाब होताहेत, पाणी तोडा," असं घरातलं वडीलधारं माणूस मायेपोटीच सांगतं. तरीही पाणी तोडू नका. अंगावरचं दूध चालू ठेवा. मोठ्यांना पेज, मीठ घातलेलं पातळ ताक द्या. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा चमच्याचमच्याने पाजा. रक्तदाब किंवा किडनीचा आजार असलेल्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावं.

बाळाचे डोळे खोल गेले, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर हळूहळू खाली बसली, ते पेंगुळलं, किंवा शौचातून रक्त पडलं, तर वाट न पाहता दवाखाना गाठा. निघताना पेला सोबत घ्या आणि वाटेतही पाजत राहा.