तीन मिलिसेकंदांचा निरोप

सबस्टेशन डिजिटल होतं म्हणजे काय होतं, ते बघू. आधी हे जुनं पॅनल बघा. काचेमागे ती चकती हळूच फिरली ना, तो इलेक्ट्रोमेकॅनिकल रिले. फॉल्ट आला, करंट वाढला की चकती फिरते, कॉन्टॅक्ट लागतो, ब्रेकर ट्रिप. वर्षानुवर्षं सबस्टेशनची राखण यानेच केली आणि चोख केली, फक्त स्वतः बिघडला तर सांगत नाही, टेस्टिंगवाले किट घेऊन येईपर्यंत सगळं आलबेल.

आता ट्रेंचवरच्या फरश्या काढल्यात. ही जाडजूड जुडगी सगळी तांब्याची, प्रत्येक सिग्नलला वेगळी वायर, यार्डातल्या सीटी-पीटीपासून, म्हणजे करंट-व्होल्टेज मोजायच्या ट्रान्सफॉर्मरपासून, थेट कंट्रोल रूमपर्यंत. आणि शेजारी ही बारीक पिवळी, ती फायबर. यार्डातच एका पेटीत मर्जिंग युनिट बसवतात, ते 50 हर्ट्झच्या प्रत्येक सायकलला करंट-व्होल्टेजचे 80 नमुने घेतं, म्हणजे सेकंदाला 4000, आणि त्याचे आकडे करून फायबरवर सोडतं. पुढे आयईडी, म्हणजे आजचा डिजिटल रिले, तो ठरवतो काय करायचं ते. ट्रिपचा निरोप जातो त्याला म्हणतात गूस मेसेज, आयईसी 61850 या सबस्टेशनमधल्या निरोपांच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तो 3 मिलिसेकंदांत पोचायला हवा. यातली खरी गंमत म्हणजे काहीच घडत नसलं तरी हा मेसेज ठराविक वेळाने जातच राहतो, त्यामुळे तो यायचा थांबला की समजायचं, कुठेतरी गडबड आहे. जुन्या वायरीत ही सोय कुठली!

ट्रान्सफॉर्मर. आत कॅमेरा जात नाही, पण बाजूला लावलेला हा मॉनिटर तेलात विरघळलेले गॅस सतत मोजतो. हायड्रोजन वाढतोय म्हणजे लक्ष ठेवा, ॲसिटिलीन दिसला म्हणजे आत आर्किंग होतंय, विजेच्या ठिणग्या उडतायत, धावा. आधी तेलाची बाटली लॅबला जायची, दोन बाटल्यांच्या मधे काय झालं ते देवालाच ठाऊक. आत गॅस साचला की इशारा देणारा जुना बुखोल्झ रिले मात्र अजून जागेवर आहे, तो काढायचा नाही.

नेटवर्क आलं की घुसखोरही येतात, 23 डिसेंबर 2015 ला युक्रेनमध्ये हॅकर्सनी लांबून ब्रेकर उघडले, सव्वादोन लाखांच्या आसपास ग्राहकांची वीज गेली, शेवटी माणसांनी जागेवर जाऊन हाताने ब्रेकर चढवले. म्हणून फायरवॉल, पासवर्ड, सगळं कडक लागतं.

आता स्क्रीनवर बघा. ऑपरेटरने मुद्दाम, ब्रेकर ऑन असताना आयसोलेटर, म्हणजे करंट बंद असतानाच उघडायचा स्विच, उघडायची कमांड दिलीये. इंटरलॉकने, म्हणजे चुकीची कमांड अडवणाऱ्या सोयीने, ती नाकारली. आधी ब्रेकर ऑफ... हं, आता उघडला.