पाणी चढताना, ऊन तापताना

(दृश्य: मोरजी, शापोरा नदीचे मुख. सकाळ. वाळूचा लांब दांडा, पलीकडच्या टेकडीवर किल्ला.)

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. पाऊस अजून पुरता गेलेला नाही आणि किनाऱ्यावर शॅकची, म्हणजे हंगामी खानावळींची, उभारणी व्हायला अवकाश आहे. चिखल्या, म्हणजे प्लव्हर, पक्षी मात्र केव्हाच पोचले आहेत. तिबेट आणि लडाखच्या पठारांवर वीण आटोपून सँड प्लव्हर ऑगस्टमध्येच गोव्याच्या किनाऱ्यावर दिसू लागतात. आधी येतात ते प्रौढ. त्यांची त्या वर्षीची पिल्ले मागाहून, आपली आपण वाट काढत येतात. म्हणून या दिवसांत एकाच थव्यात दोन तऱ्हेचे पक्षी भेटतात. काहींची पिसे झिजलेली असतात आणि छातीवर विणीच्या काळातला विटकरी रंग थोडा शिल्लक असतो. बाकीच्यांची पिसे कोरी, पाठीवरच्या प्रत्येक पिसाला फिकट काठ. हा फरक नीट दिसतो तो याच पाच-सहा आठवड्यांत. डिसेंबरपर्यंत सगळे सारखेच करडे होतात.

(दृश्य: ओहोटीचे पाणी मागे सरताना.)

इथे आधी पाण्याची वेळ ठरवायची, जागा नंतर. मुरगाव बंदराचे भरती-ओहोटीचे तक्ते मिळतात, ते पाहूनच निघा. तिथीला पाऊणने गुणून भरतीचा तास काढायचा, हा जुना ठोकताळा मुंबईच्या पाण्याला जुळतो. मुरगावला भरती त्याहून लवकर येते. मांडवी-जुवारीतून आत जावे तसतशी ती उशिरा पोचते. दहा-बारा किलोमीटर आत साधारण अर्ध्या तासाचा फरक पडतो.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला इथे पाणी दोन मीटरच्या आसपास चढते-उतरते. अष्टमीच्या भांगाच्या भरतीला त्याच्या निम्मेच. उधाणाच्या ओहोटीला चिखल इतका दूरवर उघडा पडतो की पक्षी त्यावर विखुरतात आणि दुर्बिणीतून नुसते ठिपके दिसतात. नवे लोक नेमके तेव्हाच येतात, कारण चिखल उघडा म्हणजे पक्षी जास्त, असे वाटते. खरी वेळ त्यानंतरची. भरती पूर्ण व्हायच्या तीन तास आधी पोचा, कोरड्या वाळूवर बसा आणि हलू नका. पाणी चढते, चिखल आक्रसत जातो आणि पक्षी स्वतःच तुमच्याकडे सरकत येतात. त्यांच्या मागे चालत जाणाऱ्याला हे कधीच मिळत नाही.

मोरजीला सकाळीच या. पश्चिमेकडे पाहताना सूर्य पाठीशी असतो. संध्याकाळी तोच थवा समोरच्या उजेडात नुसता काळा दिसतो, पायांचा रंग कळायची सोय नाही. दांड्यावर जाणार असाल तर ओहोटीला जाऊन पाणी वळायच्या आधी परत या. भरती मागच्या बाजूने चर भरत येते आणि वाट तुटते.

(दृश्य: लाटेच्या कडेने पळणारे सँडरलिंग. मग चिखल्यांचा थवा, जवळून.)

लाट मागे सरली की तिच्यामागे धावतो आणि परत आली की पुढे पळतो तो सँडरलिंग. पांढुरका, काळ्या चोचीचा, आणि पायाला मागचे बोट नसलेला. वर कोरड्या वाळूवर चार पावले धावून थांबणारे, पुन्हा धावणारे ते चिखल्या. मानेभोवती पूर्ण पांढरी पट्टी असली तर केंटिश प्लव्हर. नसली तर सँड प्लव्हर, आणि मग खरी कसोटी लागते.

लेसर आणि ग्रेटर सँड प्लव्हर आकारावरून ओळखू नका. एकटा पक्षी किती मोठा आहे हे वाळूवर कळतच नाही. चोच मोजा. चोचीच्या मुळापासून डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंतचे अंतर नजरेत धरा आणि चोच त्याच्याशी ताडून पाहा. तेवढीच किंवा आखूड असेल तर लेसर, स्पष्टपणे लांब आणि जाड असेल तर ग्रेटर. ग्रेटरचे पाय बहुधा हिरवट पिवळे असतात, लेसरचे गडद. पण चिखल लागलेल्या पायांच्या रंगावर एकट्याने विसंबू नये. अलीकडच्या वर्गीकरणात लेसरचेही तिबेटी आणि सैबेरियन असे दोन भाग झाले आहेत. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरचे बहुतेक तिबेटी.

बसलेल्या पक्ष्याने दाद दिली नाही तर तो उडण्याची वाट पाहा. ग्रे प्लव्हरच्या काखेत काळा डाग दिसतो, पॅसिफिक गोल्डन प्लव्हरच्या नाही. लाल पायाच्या टिलव्याच्या पंखांची मागची कड पांढरी असते. कर्ल्यू सँडपायपरचे ढुंगण स्वच्छ पांढरे, डनलिनच्या मधून काळी रेघ जाते. चोच वर वळलेली, पाय नारिंगी पिवळे आणि चाल घाईची, तर तो टेरेक सँडपायपर.

(दृश्य: कुत्रा धावतो, थव्याची एक कड उठते.)

अंतराचा नियम पक्षीच सांगतात. चरणाऱ्या पक्ष्यांनी माना वर केल्या, खाणे थांबवले, की तुम्ही जवळ आलात. तिथेच थांबा किंवा मागे व्हा. उडण्याची वाट पाहणे म्हणजे उशीर. हे पक्षी हिमालय ओलांडून आले आहेत, साठवलेली चरबी संपवून. भरतीच्या वेळी विसावायला जागा थोडी असते आणि तिथून त्यांना पुन्हापुन्हा उठवले, तर दिवसभर वेचलेले उडण्यातच जाते. छायाचित्रासाठी थवा मुद्दाम उडवणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवावे, भीड धरू नये.

(दृश्य: शिरदोन, जुवारीचा चिखल. मग दिवाडीची खाजने, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेते, आणि बांधांतली मानशीची दारे.)

शिरदोनला वाळूपेक्षा चिखल अधिक, म्हणून लांब चोचीचे पक्षीही जास्त. वीस-पंचवीस ग्रॅमचा छोटा टिलवा वरच्या थरातले किडे टिपतो, तर कुरल आपली बोटांहून लांब चोच मुळापर्यंत खुपसून खालचे खेकडे आणि किडे काढतो. दोघे शेजारी चरतात, भांडण नाही. या चिखलात उतरू नका. वरून घट्ट दिसतो आणि गुडघ्यापर्यंत पाय जातो. इथे दुर्बिणीपेक्षा वीस ते साठ पट मोठे दाखवणारा स्कोप कामाचा, तोही नऊ-साडेनऊपर्यंतच. नंतर तापलेल्या हवेने चित्र थरथरते आणि साठ पटीवर काहीच उरत नाही. एसी गाडीतून काढलेल्या भिंगांवर बाष्प धरते. शेवटच्या दहा मिनिटांत काचा खाली करून दुर्बीण बाहेरच्या हवेत आणा.

भरती पूर्ण झाली की किनारा सोडून खाजनात जा. ओहोटीला उघडणारी आणि भरतीला पाण्याच्या दाबाने आपोआप मिटणारी मानशीची लाकडी दारे खारे पाणी बाहेर ठेवतात. म्हणून आतल्या कापणी झालेल्या शेतांत उथळ गोडे पाणी टिकते. दिवाडी-चोडणच्या बांधांवरून तुतवार, शेकाट्या आणि टिटव्या आरामात दिसतात. बांधावरून चाला, शेतात उतरू नका. पीक उभे असू शकते.

(दृश्य: थवा एकदम हवेत. कॅमेरा वर वळतो.)

कुत्र्याने किंवा माणसाने उठवलेला थवा एका कडेने सुटत जातो. सगळा थवा एका क्षणी उठून घट्ट गोळा झाला आणि वळणे घेऊ लागला, तर वर पाहा. बहिरी ससाणा असण्याची शक्यता मोठी. उत्तरेकडच्या टुंड्रातून येणारे बहिरी ऑक्टोबरमध्ये किनारी थव्यांच्या मागावर असतात.

(दृश्य: सुकूरचा सडा, म्हणजे जांभ्याचे पठार, वर गवत. साडेनऊ.)

शिकारी पक्ष्यांचे घड्याळ उन्हावर चालते. सडा तापेपर्यंत गरम हवा वर चढत नाही, म्हणून सातला येऊन उपयोग थोडा. साडेआठ ते अकरा ही वेळ धरा. त्यानंतर ते इतके उंच जातात की दिसत नाहीत, आणि दुपारी समुद्राचा वारा आत शिरला की किनाऱ्याजवळचे चढते प्रवाह विस्कटतात. निरभ्र निळ्या आकाशात ठिपका सापडत नाही. पांढऱ्या ढगांच्या कडेने दुर्बीण फिरवा. गोव्यावरून शिकारी पक्ष्यांच्या रांगा जात नाहीत. एखाददुसरा येतो, म्हणून एका जागी दोन तास बसण्याची तयारी हवी.

आधी घारी वगळा. शेपटीला खाच असेल तर काळी घार, तांबूस अंग आणि पांढरे डोके असेल तर ब्राह्मणी घार. उरलेल्यांत पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर धरून गवतावर कमी उंचीने फिरणारे ते भोवत्या. गडद तपकिरी, डोके मलईरंगी, तर दलदली भोवत्याची मादी. सडपातळ आणि शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा असेल तर घाई नको. कानामागे फिकट गळपट्टी स्पष्ट असेल तर पॅलिड भोवत्या, नसेल तर माँटेग्यू भोवत्या, आणि उजेड वाईट असेल तर वहीत नुसते 'भोवत्या' लिहा. नदीवर पंख कोपरात मोडून घिरट्या घालणारा, पोटाखाली पांढरा, तो मासे धरणारा कैकर. बूटेड ईगल समोरून येताना पंखांच्या मुळाशी दोन पांढरे ठिपके दाखवतो.

अमूर ससाण्यांसाठी मात्र ऑक्टोबर अखेरपासून पुढे थांबावे लागते. ते ईशान्य भारतातून दक्षिण आफ्रिकेकडे जाताना अरबी समुद्र न थांबता ओलांडतात. त्याच सुमारास चतुरांचे थवेही समुद्रावर निघतात, आणि ससाणे वाटेत त्यांच्यावर जगत असावेत, असे मानले जाते. म्हणून सड्यावर चतुर दाटले की विजेच्या तारा तपासा. नर पाटीच्या रंगाचा, पाय लालसर नारिंगी, आणि उडताना पंखांखालची पांढरी पिसे उठून दिसतात. वहीत संख्येसोबत वेळ, वाऱ्याची दिशा आणि पक्षी कोणत्या दिशेला गेला, हे लिहा. किनाऱ्यावर एखाद्याच्या पायात रंगीत पट्टी दिसली, तर रंग, कोणता पाय, गुडघ्याच्या वर की खाली आणि अक्षरे, या क्रमाने टिपून बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला कळवा.