वसईच्या पोरांना वसईत घर
(व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, आणि उकाड्यातही आलेल्या वसईकर मंडळी,

पत्रिकेवर विषय छापलाय, 'घरांच्या वाढत्या किमती आणि स्थानिकांसाठी उपाय'. उपाय सांगायलाच आलोय. पण आधी एक काम करा. ज्यांचा मुलगा किंवा मुलगी वसईत घर परवडलं नाही म्हणून तालुक्याबाहेर राहायला गेली, त्यांनी हात वर करा. अमेरिकेला गेलेली पोरं धरू नका, त्यांच्याबद्दल पेढे वेगळे घेऊ. (हशा.) आता मागे वळून बघा. हे सगळे हात माझ्या भाषणाचा पहिला मुद्दा आहेत.

माझं म्हणणं सरळ आहे. वसईतल्या घराचा भाव वसई ठरवत नाही. तो अंधेरीचा पगार ठरवतो, बीकेसीचा, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलाचा पगार ठरवतो. कारण घर घेणारा माणूस रोज सकाळी तिकडे जातो आणि संध्याकाळी झोपायला इकडे येतो. आणि ज्याची कमाई इथलीच आहे, म्हणजे वाडीतली, बोटीवरची, वालीवच्या कारखान्यातली, रिक्षाची, दुकानाची, त्यालाही त्याच भावाने घर घ्यावं लागतं. भाव मुंबईचा आणि पगार गावचा, असा हा हिशेब आहे. यात मुंबईला जाणाऱ्याचा काही दोष नाही. त्याला दादरला परवडलं नाही, बोरिवलीला परवडलं नाही, म्हणून तो आला. त्याला ढकलणारा जो भाव आहे, तोच पुढे आपल्या पोरांना ढकलतो.

आणि ही गाडीही आजची नाही. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅकबेला पहिली लोकल सुटली. तेव्हा सकाळी एक जायची आणि संध्याकाळी एक यायची. १९३६ साली विजेची गाडी विरारला आली. तेव्हापासून आपण मुंबईला दूध देतोय, फुलं देतोय, केळी देतोय, विड्याची पानं देतोय. मुंबईने आपल्याला गर्दी दिली. विरार फास्टमध्ये चुकून चढलेल्या बोरिवलीकराला आपण बोरिवलीला उतरू देत नाही, थेट विरार दाखवून आणतो. त्यातल्या काहींना विरार आवडलं आणि त्यांनी बुकिंग केलं, त्याला आपणच जबाबदार! (हशा.)

माझ्या आत्याची गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही, त्यामुळे थोडा वेळ गेला तरी चालेल. अध्यक्षांनी घड्याळाकडे बघू नये.

आत्याची वाडी माणिकपूरच्या कडेला होती. मोगरा, चाफा, तुळस, बांधावर केळी. पहाटे उठून खुडायचं, ओल्या फडक्यात बांधायचं आणि पहिल्या गाड्यांपैकी एखादीने दादरचा फुलबाजार गाठायचा. उजाडायच्या आत माल विकलेला असायचा. येताना पोरांना बटर. चार मुलं तिने फुलांवर वाढवली. जमीन फार नव्हती, पण पाणी गोड होतं. विहिरीवर पूर्वी रहाट होता, मग इंजिन आलं. बाजूला बावखल होतं. नव्या मंडळींसाठी सांगतो, बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी त्यात साठायचं, जमिनीत मुरायचं आणि समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही विहिरी गोड राहायच्या. वसईत अशी शेकडो बावखलं होती. किती बुजवली आणि त्यावर काय काय उभं राहिलं, यावर स्वतंत्र व्याख्यान ठेवा, मी फुकट येईन.

१९८२ चा गिरणी संप झाला. परळ-लालबागची माणसं इकडे यायला लागली. नालासोपाऱ्यात, विरारला इमारती उठल्या. इमारतींना पाणी नव्हतं, म्हणून टँकर आले. टँकर भरायचे कुठून? आपल्याच विहिरींतून. मोठमोठे पंप रात्रंदिवस चालले आणि वाड्यांचं पाणी मचूळ झालं. त्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने जे आंदोलन उभं केलं, त्यातले काही चेहरे मला आत्ता पहिल्या रांगेत दिसताहेत. १९९० मध्ये सिडको ही सरकारची शहर वसवणारी कंपनी इथे नियोजन प्राधिकरण म्हणून आली. तेव्हा आपण भांडलो ते झाडांसाठी, विहिरींसाठी, शेतीसाठी. ते भांडण खरं होतं. ते झालं नसतं तर पश्चिमेची आज दिसते ती हिरवी पट्टीही राहिली नसती, हे मी कुठल्याही व्यासपीठावर छातीठोकपणे सांगेन.

आत्याच्या विहिरीला खार लागली तसा मोगरा गेला. फुलं नाहीत तर दादर नाही. मग एक बिल्डर आला. वाडीच्या बदल्यात दोन घरं आणि थोडी रक्कम. सातबाऱ्यावर सात नावं, सगळ्यांच्या सह्या, प्रत्येक सहीचा वेगळा भाव. रक्कम वाटण्यातच संपली. दोन घरांतलं एक आत्याच्या यजमानांच्या आजारपणात विकलं. उरलेल्या एका वन रूम किचनमध्ये दोन मुलगे, दोन सुना, नातवंडं. मोठा नातू लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत लागला. चांगला कारागीर. वसईतल्या किती टॉवरमध्ये त्याने बसवलेल्या लिफ्टने माणसं वर जातात, मोजायला नको. त्याचं लग्न ठरलं तेव्हा तो घर बघायला निघाला. साधी एक खोली, हॉल, किचन. गणित मीच त्याला करून दिलं. ४० लाखांचं कर्ज, २० वर्षं, साडेआठ टक्के व्याज; हप्ता ३५ हजारांच्या जवळ जातो. त्याचा पगार तेवढा नव्हता. भाड्याने राहिला. अकरा महिन्यांचा करार, दर वेळी भाडं वाढ, दर वेळी सामान टेम्पोत. शेवटी विरारच्या पुढे सफाळ्याला गेला. आता तो रोज डहाणू लोकलने वसईला कामाला येतो. ती लोकल २०१३ पासून आहे, पण फेऱ्या इतक्या कमी की एक चुकली की दिवस गेला.

मंडळी, वसईत जन्मलेला, वसईत काम करणारा मुलगा, वसईला येण्यासाठी मासिक पास काढतो. मला याची चीड येते, आणि ती मी लपवणार नाही.

त्याला बाहेर काढायला कुणी गुंड आला नाही, नोटीस आली नाही. म्हणूनच याची कुठे नोंद होत नाही. एकेक कुटुंब गुपचूप उठून जातं. एक सफाळ्याला, एक पालघरला, एक बोईसरला. आमच्या आळीत कादोडी ही इथली बोली बोलणारी पोरं संध्याकाळी ओट्यावर जमायची. आता ती दहा स्टेशनांवर दहा ठिकाणी विखुरली आहेत. ती कादोडी कोणाशी बोलणार? वाडवळांचं तेच, आगऱ्यांचं तेच. बोली जिवंत राहायला शेजार लागतो आणि शेजार टिकायला घर परवडावं लागतं.

कोळ्यांचं तर आणखी अवघड. अर्नाळा, किल्लाबंदर, पाचूबंदर इथल्या माणसाला 'जरा लांब स्वस्तात घर घे' म्हणता येत नाही. भरतीच्या वेळेला जो बोटीपाशी नाही, त्याचा धंदाच नाही. कोळीवाड्यात घराला घर चिकटलेलं, कुटुंब वाढलेलं, वर मजला चढवावा तर किनारा नियमन क्षेत्राचे निर्बंध आडवे येतात, जमिनीचा कागद बहुतेकांच्या नावावर नाही. आणि त्याच किनाऱ्यावर राजोडी, कळंबला शनिवार-रविवारसाठी बंगले.

ज्यांना खरं घर परवडत नाही ते काय करतात? जे मिळेल ते घेतात. नालासोपारा पूर्वेला २०२४ च्या अखेरीपासून २०२५ च्या सुरुवातीपर्यंत ४१ इमारती न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या. सांडपाणी प्रकल्पाच्या आणि कचराभूमीच्या आरक्षणावर त्या बांधल्या होत्या. आत राहणाऱ्यांनी पैसे मोजले होते, वीजबिलं भरली होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विरारला रमाबाई अपार्टमेंट कोसळली, १७ माणसं गेली. तीही अनधिकृत. याला आपण 'अनधिकृत बांधकामाचा प्रश्न' म्हणतो. माझ्या मते हा परवडणाऱ्या घराचाच प्रश्न आहे. ज्याच्याकडे दुसरा पर्याय असतो तो माणूस आरक्षणाच्या जागेवरची खोली घेत नाही.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं म्हणतायत. अजून एकही उपाय सांगितलेला नाही, तेव्हा आता भरभर घेतो, लिहून घेणाऱ्यांनी लिहून घ्या.

पहिला आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा, गावठाण वाढवा. आपल्या गावठाणांच्या हद्दी फार जुन्या. माणसं किती पटींनी वाढली, पण रेषा तिथेच. तिच्याबाहेर तुमचीच जमीन, तुमचाच मुलगा, आणि घर बांधलं की अनधिकृत. २०१७ साली महसूल संहितेत दुरुस्ती झाली, गावठाणापासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला बिनशेतीची वेगळी परवानगी नको. चांगली आहे. पण ती जमीन आराखड्यात विकासासाठी दाखवलेली असली तर. आपली हरित पट्ट्यात दाखवलेली, त्यामुळे उपयोग नाही. तुम्ही म्हणाल, अहो हरित वसईवाले तुम्ही, आणि हरित पट्ट्यात घरं मागता? मागतो. मर्यादेत मागतो. खातेदाराच्या वारसाने स्वतः राहण्यासाठी, तळमजला आणि वर एक, बावखल आणि विहिरीपासून ठरावीक अंतर सोडून, आणि ठरावीक वर्षं बाहेर विकायचं नाही या अटीवर. घर राहण्यासाठी असेल तर वाडी वाचते, कारण वाडी सांभाळणारा माणूस तिथेच राहतो. वाड्या पडीक पडल्या त्या पोरं निघून गेल्यावर.

दुसरा. आपल्या वसई-विरार उपप्रदेशाचा विकास आराखडा २००१ ते २०२१ साठीचा होता. नवा करताना लोकसंख्या कोणती धरणार? हाताशी २०११ ची जनगणना आहे, महापालिका हद्दीत १२ लाख २२ हजार. आज माणसं किती, ते विरारच्या पुलावर संध्याकाळी उभं राहून बघा. त्या आराखड्यात प्रत्येक गावाच्या घरांची गरज स्वतंत्र मोजली पाहिजे. आणि हरकती-सूचनांची मुदत लागेल तेव्हा झोपू नका.

तिसरा. २०१३ पासून नियम आहे, दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरात चार हजार चौरस मीटर किंवा मोठ्या भूखंडावर बांधणाऱ्याने २० टक्के घरं दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी द्यायची, म्हाडाच्या सोडतीतून. नाशिकमध्ये ही घरं गेली कुठे यावरून मोठा गदारोळ झाला. इथे किती मिळाली, प्रकल्पनिहाय यादी महापालिकेने लावावी. आणि सोडतीत अधिवास दाखला महाराष्ट्राचा मागतात. यातला काही वाटा तालुक्यात राहणाऱ्या किंवा काम करणाऱ्यासाठी ठेवावा.

मागून कुणीतरी विचारतंय, स्थानिक कोण? चांगला प्रश्न. मी आडनाव बघणार नाही. संपानंतर परळहून आलेल्या गिरणी कामगाराची नालासोपाऱ्यात जन्मलेली मुलगी माझ्या हिशेबी स्थानिक आहे. पूर्वेच्या पाड्यावरचा वारली तर सगळ्यांच्या आधी. इथे दहा वर्षं राहणं किंवा इथे रोजगार, एवढं पुरे.

चौथा, भाड्याची घरं. विरारच्या बोळींजला म्हाडाने सुमारे दहा हजार घरं बांधली. पाणी नाही, म्हणून हजारो घरं कित्येक वर्षं पडून राहिली, मग 'प्रथम येणाऱ्यास प्राधान्य' करून विकावी लागली. सूर्या धरणाचं पाणी वेळेत आणलं असतं, आणि न विकलेली घरं इथल्या नर्स, सफाई कामगार, लिफ्टवाल्या पोरांना भाड्याने दिली असती, तर? प्रत्येक सरकारी प्रकल्पात एक भाग कायम भाड्याचाच ठेवा.

बाहेरचं एकच उदाहरण. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर सेंट आइव्हज नावाचं गाव आहे. २०१६ साली तिथल्या लोकांनी मतदान करून ठरवलं, नवीन घर कायम राहणाऱ्यालाच. लोकांनी भरघोस पाठिंबा दिला. पण सुट्टीची घरं घेणारे जुन्या घरांकडे वळले. म्हणजे नियम करताना जुनं-नवं दोन्ही धरलं पाहिजे, एवढं आपण त्यांच्याकडून शिकू.

शेवटची दोन मिनिटं. घाई का करायची? बुलेट ट्रेनचं स्टेशन विरारला येतंय आणि बोईसरलाही. अलिबाग-विरार महामार्ग येतोय. ऑगस्ट २०२४ मध्ये डहाणूजवळच्या वाढवण बंदराचं भूमिपूजन झालं. वसईतून उठून आपली पोरं जिथे गेली, त्या पालघर-बोईसरचे भावही आता चढणार. तिथल्या पोरांनी जायचं कुठे, गुजरातमध्ये?

गावठाण विस्ताराच्या मागणीचा मसुदा मी लिहून आणलाय, प्रती दाराशी टेबलावर आहेत. सही करताना फक्त नाव नको. गाव, सर्व्हे नंबर, घरात माणसं किती आणि घर परवडत नाही म्हणून बाहेर गेली किती, हे चारही रकाने भरा. ज्यांच्याकडे सातबारा नाही, कोळीवाड्यातल्या आणि पाड्यांवरच्या मंडळींनी शेवटचे दोन भरले तरी चालतील. पेनं कमी आहेत, एकमेकांना द्या.