डायसीचा निबंध

विषय दिलाय तो असा, की बिघडलेल्या घरातल्या टीनएज मुलांच्या कादंबऱ्या मुलांच्या हातात द्याव्यात का. द्याव्यात. का ते सांगतेच, पण आधी डायसी नावाच्या एका कादंबरीतल्या मुलीबद्दल बोलू द्या, तिच्याशिवाय पुढचं सगळं कोरडं वाटेल. आणि इथे निम्मे लोक शिक्षक दिसतायत, म्हणजे तुम्ही तर ऐकायलाच हवं.

सिंथिया व्हॉइट या अमेरिकन लेखिकेची 'होमकमिंग' १९८१ ला आली. आई चार पोरांना मॉलच्या पार्किंगमध्ये गाडीत बसवून जाते, डायसीचं ऐका एवढं सांगून, आणि परत येतच नाही. डायसी १३ वर्षांची, सगळ्यात धाकटा सॅमी ६ चा, बाप केव्हाच निघून गेलेला. मग ही चौघं कनेक्टिकटच्या रस्त्याने चालत सुटतात, आधी ब्रिजपोर्टला नातेवाइकांकडे आणि तिथे निभेना तेव्हा मेरीलँडमध्ये क्रिसफील्डला, कधी न पाहिलेल्या आजीकडे. आणि वाटभर काय, तर हिशोब. खायला काय घ्यायचं, किती उरले, उद्याचं काय. काहींना हे कंटाळवाणं वाटतं, मला वाटतं कादंबरीचा जीवच तिथे आहे, कारण ज्या घरात मोठी माणसं कोलमडलेली असतात तिथल्या थोरल्या मुलीला डब्यात तांदूळ किती उरलाय हे पाठ असतं.

याचा पुढचा भाग 'डायसीज साँग', त्याला १९८३ चं न्यूबेरी मेडल, म्हणजे अमेरिकेतलं बालसाहित्याचं मोठं पारितोषिक, मिळालं. त्यात इंग्रजीचे सर एका खऱ्या माणसाचं व्यक्तिचित्र लिहायला सांगतात. डायसी आईवर लिहिते, ही माझी आई असं न सांगता. इतकं चांगलं लिहिते की सर वर्गात मोठ्याने वाचून दाखवतात आणि म्हणतात हे चोरलेलं आहे! मग मिना नावाची वर्गातली मुलगी उभी राहते, भर वर्गात डायसीला प्रश्न विचारून विचारून सिद्ध करते की हे तिचंच आहे. मिनासारखी मुलगी प्रत्येक वर्गात असायला हवी, खरंच सांगते.

आता माझी तक्रार. आमच्या शेजारच्या एका मुलीने शाळेत 'माझी आई' वर लिहिलं की आई काही दिवस अंथरुणातून उठतच नाही, मग चहा मी करते, भावाला आंघोळ घालते, बाबांना सांगायचं नाही असं आईने सांगितलंय. बाईंनी लाल शाईने आडवी रेघ मारली, शेरा दिला 'विषयाला धरून नाही'. अहो विषय दुसरा काय होता? पुढच्या परीक्षेत तिने गाइडमधलं मायेचा सागर, वात्सल्याचा झरा वगैरे उतरवलं आणि पैकीच्या पैकी मार्क मिळवले. (तुम्ही हसताय, कारण तो निबंध तुम्हालाही अजून पाठ आहे!) पण त्या मुलीला काय कळलं? की घरातलं खरं लिहायचं नसतं. तिला तेव्हा कुणी 'डायसीज साँग' मराठीत दिलं असतं तर निदान हे कळलं असतं की असं घर आपलं एकटीचंच नाही.

पाच मिनिटं उरलीत अशी चिठ्ठी आलीय, म्हणून मुख्य मुद्दा भराभर सांगते. अशा घरातल्या मुलाला दोनच गोष्टी वाटत असतात, हे माझ्यामुळे झालं आणि हे मीच नीट करायचंय. चांगली कादंबरी हे ओझं उतरवते. डायसीची आई बरी होत नाही, बोस्टनच्या हॉस्पिटलमध्येच वारते, आणि तरी लेखिका पोरांना कमी पडली असं ठरवत नाही. एस. ई. हिंटनच्या १९६७ च्या 'द आउटसायडर्स'मध्ये आईबाप अपघातात गेलेले, २० वर्षांचा डॅरी छपरांची कामं करून दोन भावांना सांभाळतो, कारण काही गडबड झाली तर सरकार त्या भावांना बालगृहात टाकेल. हिंटनने हे शाळेत असताना लिहायला घेतलं, म्हणून त्या घरात मोठ्यांचा उपदेश नाही. जॅकलिन विल्सनच्या 'द इलस्ट्रेटेड मम'मध्ये आई अंगावरचे टॅटू झाकायला स्वतःला पांढरा रंग फासते आणि डॉल्फिन नावाची धाकटी मुलगी अँब्युलन्स बोलावते. मदत मागणं म्हणजे आईशी बेइमानी नाही, हे मुलांना असंच कळतं, भाषणातून नाही.

आणि कोणती देऊ नये तेही सांगते. जिच्यात मुलगा शहाण्यासारखा वागला म्हणून शेवटच्या प्रकरणात बापाची दारू सुटते, ती. कारण ज्याच्या बापाची सुटली नाही, तो मुलगा ती मिटून ठेवताना स्वतःलाच दोष देणार.