गाडी किल्लीला ओळखत नाही तेव्हा

अध्यक्ष महोदय, ग्रंथालयाचे कार्यकर्ते आणि श्रोतेहो,

पत्रिकेवर विषय छापला आहे, ‘इमोबिलायझरचा दिवा लागल्यास काय करावे’. इमोबिलायझर म्हणजे ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा. त्या प्रश्नाचे उत्तर मी देणार आहे. परंतु आयुष्यभर मोटारींची विद्युतयंत्रणा शिकवणाऱ्या माणसाला व्यासपीठ मिळाले की तो थेट उत्तरावर येत नाही, हे आपण समजून घ्याल. माझे एक आवडते मत आहे आणि ते गॅरेजमध्ये कोणी ऐकून घेत नाही, म्हणून ते आज आपल्यापुढे मांडतो. डॅशबोर्डवरील हा दिवा लाल आहे की पिवळा, त्यावर किल्ली काढली आहे की कुलूप, हे पाहण्याआधी तो कोणत्या क्षणी लागला आणि किती वेळ राहिला हे पाहावे. या दिव्याला जे सांगायचे आहे त्यातले बहुतेक सगळे त्याच्या वेळेत असते.

यंत्रणा थोडक्यात सांगतो. किल्लीच्या प्लॅस्टिकच्या मुठीत तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी अशी एक चिप बसवलेली असते. तिला स्वतःचा सेल नसतो. इग्निशनच्या कुलपाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे एक वेटोळे असते. आपण किल्ली फिरवली की त्या वेटोळ्यातून साधारण १२५ किलोहर्ट्झ वारंवारितेचे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते, त्या क्षेत्रातूनच चिपला वीज मिळते आणि ती आपली ओळख सांगते. ही ओळख पटली, तरच इंजिनाचा संगणक इंधन आणि ठिणगी सोडतो. पटली नाही, तर काही गाड्यांत स्टार्टर फिरत राहतो पण इंजिन पेट घेत नाही, काहींत इंजिन क्षणभर सुरू होऊन दोन सेकंदांत बंद पडते, तर काहींत स्टार्टरही फिरत नाही. रिमोटने दार उघडले म्हणजे किल्ली ठीक आहे, असा एक सार्वत्रिक समज आहे. परंतु दार उघडणारा रिमोट आणि इंजिनाला परवानगी देणारी ही चिप एकाच मुठीत राहत असल्या, तरी त्यांचे काम स्वतंत्र असते. रिमोटचा सेल संपला तरी चिप चालते आणि चिप फुटली तरी दार उघडते.

आरंभीच्या चिपांत एकच ठरावीक क्रमांक असे, म्हणजे तो एकदा वाचला की नक्कल करता येई. पुढे गाडी दर वेळी एक नवा आकडा पाठवू लागली आणि आपल्याकडील गुप्त सूत्राने त्याचे उत्तर काढून देण्याचे काम चिपेकडे आले. ही सूत्रेही अभेद्य नव्हती. बर्मिंगहॅम आणि नायमेखेनच्या विद्यापीठांतील तीन संशोधकांनी ‘मेगामॉस क्रिप्टो’ या चिपेतील दोष शोधून काढला, तेव्हा फोक्सवॅगनने २०१३ मध्ये लंडनच्या न्यायालयातून त्यांच्या निबंधावर बंदी मिळवली. तो निबंध अखेर २०१५ मध्ये, एक वाक्य वगळून, प्रसिद्ध झाला. त्या एका वाक्याविषयी मला अजूनही कुतूहल आहे; परंतु आपल्या गाड्या रस्त्यावर उभ्या असताना ते जाहीरपणे बोलून दाखवणे शहाणपणाचे नाही.

तरीही या यंत्रणेने चोरांचे काम खरोखरच अवघड केले. युरोपीय संघात ऑक्टोबर १९९८ पासून प्रत्येक नव्या मोटारीला ती बंधनकारक झाली, कॅनडात सप्टेंबर २००७ पासून. अमेरिकेने ती कधीच सक्तीची केली नाही, आणि तिथे काय झाले ते अलीकडचेच आहे. २०१५ सालच्या मॉडेलांपैकी इतर कंपन्यांच्या ९६ टक्के गाड्यांत इमोबिलायझर मूळचाच होता. ह्युंदाई आणि किया यांच्या मात्र केवळ २६ टक्के गाड्यांत. मिलवॉकी शहरातील पोरांनी कुलपाचे झाकण उखडून तिथे यूएसबी वायरचे टोक घालून फिरवायला सुरुवात केली, त्याच्या चित्रफिती देशभर पसरल्या, आणि २०२३ मध्ये या दोन कंपन्यांना सुमारे ८३ लाख गाड्यांसाठी मोफत सॉफ्टवेअर जाहीर करावे लागले. तेव्हा ऐन घाईच्या वेळी हा दिवा आपल्याला अडवतो म्हणून त्याला शिव्या देताना, तो नसता तर काय झाले असते तेही ध्यानात असू द्यावे.

आता वेळेचे सांगतो. गाडी बंद करून, कुलूप लावून आपण निघालो आणि डॅशबोर्डवर तो दिवा सावकाश लुकलुकत असेल, तर तो सोसायटीच्या रात्रीच्या पहारेकऱ्यासारखा आहे; जागा असल्याचे दाखवण्यासाठी मधूनमधून काठी आपटतो, इतकेच. हा दिवा बॅटरी खातो म्हणून तो बंद करून द्या, अशी मागणी घेऊन माझ्याकडे सुशिक्षित माणसे आली आहेत. इग्निशन चालू केल्यावर दिवा दोन-तीन सेकंद लागून विझला, तर ओळख पटली. इग्निशन चालू असताना तो विझतच नसेल किंवा भराभर लुकलुकत असेल, तरच तक्रार आहे आणि ती तक्रार किल्लीविषयी आहे. गाडी रस्त्यावर धावत असताना मध्येच लागला आणि गाडी चालूच राहिली, तर बहुतेक गाड्यांत ती यंत्रणेतील दोषाची नोंद असते. ओळख सुरुवातीलाच पटलेली असल्यामुळे घाबरून महामार्गावर मध्येच थांबू नये, परंतु मुक्कामी पोहोचल्यावर इंजिन बंद करण्यापूर्वी, ते पुन्हा सुरू झाले नाही तर आपण कुठे अडकणार आहोत, याचा विचार करावा.

रंगावर आणि चित्रावर माझा राग का आहे, तेही सांगतो. मोटारींतील चिन्हांसाठी आयएसओ २५७५ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि तेलाचा दिवा किंवा बॅटरीचा दिवा आपण कोणत्याही गाडीत ओळखतो. या एका दिव्याच्या बाबतीत मात्र कोणी किल्ली काढतो, कोणी गाडीच्या पोटात कुलूप, कोणी गाडीवर आडवी किल्ली. काही होंडा गाड्यांत तो हिरवा आहे, काही टोयोटांत लाल, आणि काही गाड्यांत दिवाच नाही, नुसती इंग्रजीत सूचना उमटते. हिरवा दिवा लुकलुकतो आहे म्हणजे सगळे उत्तम आहे, असे समजणाऱ्या माणसाला दोष कसा द्यावा? मालकासाठीच्या पुस्तिकेत हे सगळे दिलेले असते. आपल्यापैकी किती जणांनी ती पुस्तिका प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर काढली आहे? हात वर करावेत. आभारी आहे. अध्यक्षांचाही हात खालीच आहे, याची नोंद व्हावी.

आता एक हकीकत. आमच्या सोसायटीतील एका गृहस्थांनी, त्यांना आपण नाना म्हणू, नवी गाडी घेतली. दसऱ्याच्या सकाळी गाडीला झेंडूचे तोरण, बॉनेटवर स्वस्तिक, चाकांखाली लिंबे असा सगळा थाट झाला. गाडीबरोबर मिळालेल्या दोन्ही किल्ल्या नानांनी पूजेसाठी एका नव्या पितळी कडीत ओवून ताम्हनात ठेवल्या, त्यांना हळदकुंकू वाहिले, आणि सगळे घर सोने द्यायला निघाले. नानांनी सेल मारला. इंजिन फिरले, पण पेटले नाही. डॅशबोर्डवर किल्लीचा दिवा भराभर लुकलुकत होता आणि तो सोडून बाकी सर्व गोष्टींकडे सर्वांचे लक्ष होते.

पहिल्या मजल्यावरच्या काकांनी पेट्रोलमध्ये पाणी असल्याचे निदान केले. लिंबे ठेवण्याची बाजू चुकली, असेही एक मत आले. नाना सेल मारत राहिले आणि शेवटी, नव्या गाडीची असूनही, बॅटरी उतरली. मग तरुण मंडळींनी शर्टाच्या बाह्या सरसावून धक्का मारला. फाटकापर्यंत गाडी ढकलत नेली, तिथून मागे आणली, पुन्हा नेली. आता आपणच सांगा, इंजिनाच्या संगणकाने इंधन अडवून ठेवले असताना गाडी थेट पंढरपूरपर्यंत ढकलली असती, तरी काय होणार होते? पुण्य लागले असते, हे मान्य आहे.

सणाच्या दिवशी महत्प्रयासाने एक मेकॅनिक मिळाला. त्याने बॅटरी तपासली, ती उतरलेली होतीच, आणि त्याने ती बदलून दिली. इथे क्षणभर थांबा, कारण सगळी मेख इथे आहे. बॅटरी उतरली होती हे खरे, पण ती गाडी सुरू होत नव्हती म्हणून उतरली होती. पहिल्या दोषावर आम्हीच दुसरा दोष चढवला आणि मेकॅनिकला तो वरचा तेवढा दिसला. नव्या बॅटरीनेही इंजिन फिरले आणि पेटले नाही, तेव्हा त्याने इंजिनाचा संगणक गेल्याचे जाहीर केले. दुसऱ्या दिवशी गाडी टोचन करून सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या मुलाने नियमाप्रमाणे कडीतून एक किल्ली काढून तिला चिठ्ठी अडकवली, दुसरी नानांच्या हातात परत दिली, गाडीत बसला आणि गाडी पहिल्याच सेलला सुरू झाली. कागदावर ‘दोष आढळला नाही’ असे लिहिले आणि तपासणीचे पैसे घेतले. त्या तीन शब्दांवर माझा विशेष आक्षेप आहे. दोष होता; फक्त तो किल्ली वेगळी काढताना दूर झाला आणि तो दूर करणाऱ्यालाही कळला नाही.

नानांनी अर्थातच घरी जाऊन दोन्ही किल्ल्या पुन्हा त्याच कडीत ओवल्या. चार-पाच दिवस गाडी कधी सुरू व्हायची, कधी नाही. भाजी मंडईत ती अडली तेव्हा मला बोलावणे आले. मी कडी उघडली, एक किल्ली नानांच्या खिशात ठेवायला सांगितली, दुसरीने गाडी सुरू केली. मग मुद्दाम दोन्ही किल्ल्या एकमेकींना चिकटवून धरल्या आणि तोच दिवा लुकलुकताना त्यांना दाखवला. वेटोळ्याच्या क्षेत्रात दोन चिपा आल्या की दोन्ही एकाच वेळी उत्तर देतात आणि गाडीला एकीचेही धड ऐकू येत नाही. किल्ल्या लोंबकळताना थोड्या दूर राहिल्या तर गाडी सुरू होते, जवळ आल्या तर अडते. म्हणून हा दोष आज आहे आणि उद्या नाही असा भासतो. नानांचा मात्र लिंबांच्या बाजूविषयीचा संशय अजून पूर्णपणे गेलेला नाही.

चिठ्ठी आली आहे; दहा मिनिटे उरली आहेत, असे ती म्हणते. जे सांगण्यासाठी मला बोलावले होते, ते आता भराभर सांगतो.

इग्निशन चालू असताना दिवा विझत नसेल, तर प्रथम सेल मारणे थांबवा. इग्निशन बंद करा, किल्ली बाहेर काढा, ती कडीतून वेगळी करा. दुसऱ्या गाडीची किल्ली, धातूचे जाड बिल्ले, कार्यालयाच्या दाराचे कार्ड हे सर्व दूर ठेवा. यांपैकी कित्येक जुनी कार्डे त्याच १२५ किलोहर्ट्झवर चालतात. काचेवरच्या फास्टॅगला मात्र दोष देऊ नका. त्याची वारंवारिता कित्येक पटींनी वरची आहे. चार्जिंगच्या सॉकेटमध्ये मोबाइलचा स्वस्त चार्जर असेल तर तोही काढा. काही मिनिटे थांबून पुन्हा प्रयत्न करा.

तरीही नाही जमले, तर घरातील दुसरी किल्ली आणा. तिने गाडी सुरू झाली, तर दोष पहिल्या किल्लीत आहे. एकीनेही झाली नाही, तर कुलपाभोवतीचे वेटोळे, त्याची जोडणी, फ्यूज किंवा पुढचे नियंत्रक यंत्र पाहावे लागेल. बाहेर बाजारात बसवलेला अलार्म किंवा जीपीएस असेल, तर मेकॅनिकला आधी तिथेच पाहायला सांगा, कारण तो बसवताना बहुधा इग्निशनची वायर कापून जोडलेली असते. पावसाळ्यात पाणी शिरलेले जोड आणि बरेच दिवस उभ्या राहिलेल्या गाडीत उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, हेही विसरू नका.

बटणाने सुरू होणारी गाडी असेल, तर तिच्या किल्लीला सेल लागतो, बहुधा नाण्याच्या आकाराचा तीन व्होल्टचा. तो संपला तरी आत एक बिनसेलची चिप असतेच. किल्ली बटणाला टेकवून बटण दाबा, किंवा पुस्तिकेत दाखवलेल्या खाचेत ठेवा. दार उघडण्यासाठी किल्लीच्या पोटात लोखंडी पाते असते. आणि क्लच किंवा ब्रेक पुरता दाबला आहे ना, एवढे पाहून मगच मला फोन करा.

गाडीची बॅटरी अशक्त असली तर ही सगळी संभाषणे अर्ध्यावर तुटतात. डॅशबोर्डचे सर्वच दिवे मंद असतील, तर टर्मिनलवरची पांढरी बुरशी साफ करून जम्पर केबलने दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जोडा. बॅटरी काढली म्हणून किल्लीची नोंद पुसली जात नाही, ती भीती नको.

मेकॅनिककडे गेलात, तर स्कॅनरवर आलेला दोषाचा क्रमांक लिहून मागा. ‘पी ०५१३’ असेल, तर चुकीची किल्ली असा त्याचा अर्थ आहे. संगणक बदलण्याचा सल्ला मिळाला, तर आधी दुसऱ्या किल्लीने पाहिले का, हे विचारा. आणि जुन्या बाजारातून आणलेला संगणक गाडीशी रीतसर जुळवल्याशिवाय याच दिव्यापाशी अडतो, हेही त्याला सांगून ठेवा. इमोबिलायझर बायपास करून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा. किल्ली हरवली, तर नवी नोंदवताना जुनीची नोंद पुसून घ्या. गाडी चोरीस गेल्यास विमा कंपनी दोन्ही मूळ किल्ल्या मागते, म्हणून दुसरी किल्ली घरात वेगळ्या जागी ठेवा, गाडीच्या खणात ठेवू नका.